सव्वादोन सूत: उद्यमनगरातील एका लाकडी पॅटर्नचे प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एक जुनी फौंड्री बंद होण्याच्या बेतात होती. तिच्या पोटमाळ्यावर लाकडी पॅटर्नचा मोठा ढीग पडून होता. जागेचा व्यवहार ठरला होता आणि महिनाभरात हा सगळा ढीग जळणाच्या भावाने उचलला जाणार होता. डिझाइनचा इतिहास आणि संग्रहालय-अभिरक्षण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी, मूळची कोल्हापूरचीच एक विद्यार्थिनी त्या वेळी लघुप्रबंधासाठी विषय शोधत होती. तिच्या संस्थेच्या नियमानुसार लघुप्रबंधाला एका छोट्या प्रदर्शनाची जोड द्यावी लागते आणि स्थानिक मार्गदर्शक म्हणून हे काम माझ्याकडे आले होते. पुढच्या पाच महिन्यांत त्या ढिगातील एका वस्तूने आम्हा दोघांनाही आपापली मते बदलायला लावली. त्या वस्तूचे प्रकरण इथे सविस्तर मांडत आहे.

ज्यांचा फौंड्रीशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी पॅटर्न म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कोणताही भाग ओतायचा असेल, तर त्याच आकाराची लाकडी प्रतिकृती आधी करावी लागते. ती वाळूच्या साच्यात दाबून काढून घेतली की मागे पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. पॅटर्न वाळूतून अलगद वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार देतात. ओतीव भाग आतून पोकळ हवा असेल, तर वाळूचा वेगळा कोअर करून बसवतात आणि तो कोअर टेकण्यासाठी पॅटर्नला जादा टोके ठेवावी लागतात. जो पृष्ठभाग पुढे लेथवर घासला जाणार आहे, तिथे जाडी वाढवून ठेवतात. शिवाय बीड थंड होताना आकसते, म्हणून संपूर्ण पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करतात. म्हणजे पॅटर्नवरचे जवळजवळ प्रत्येक माप जाणूनबुजून ‘चुकीचे’ असते आणि ते नेमके किती चुकवायचे, यातच पॅटर्नमेकरची विद्या असते.

उद्यमनगरात ही विद्या सुतांत बोलली जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘बिडाला फुटाला एक सूत’ हे वाक्य तिथला नवखा पोरही पहिल्या आठवड्यात पाठ करतो. मेट्रिक भाषेत सांगायचे, तर ही वाढ साधारण एक टक्का होते.

निवड

पोटमाळ्यावर साडेतीनशेहून अधिक पॅटर्न आणि कोअरबॉक्स, म्हणजे कोअर घडवण्याचे साचे, होते. विद्यार्थिनीला त्यांपैकी फार तर पंचवीस-तीस वस्तू ठेवून घेण्याइतकीच जागा मिळणार होती. पहिल्या फेरीत तिने जे बाजूला काढले, ते दिसायला फार देखणे होते. त्यात पाकळ्या-पाकळ्या जोडून केलेली फ्लायव्हीलची गोल चौकट होती, दातेरी चक्रे होती, लाल-पिवळा रंग अजून टिकलेल्या पुल्या होत्या. एखाद्या घराच्या दिवाणखान्यात टांगावीत अशीच ही मंडळी होती. मी तिला एवढेच विचारले की या निवडीतून फौंड्रीचे काम समजेल की सुतारकामाचे सौंदर्य समजेल? तिने दोन दिवस घेतले आणि निम्म्याहून अधिक वस्तू परत ढिगात ठेवल्या. त्यांच्या जागी दुरुस्त केलेले, ठिगळ लावलेले, कडा जळालेले पॅटर्न आले आणि शक्य तिथे प्रत्येक पॅटर्नबरोबर त्याचा कोअरबॉक्सही आला. अंतिम यादीत सव्वीस वस्तू राहिल्या.

या यादीत सतरावा क्रमांक एका बेअरिंग ब्रॅकेटच्या, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाच्या, पॅटर्नचा होता. तो हातभर लांबीचा, सागवानी आणि गडद तपकिरी झालेला होता. दोन टोकांना दोन गोल बॉस, म्हणजे जाड उठाव, आणि त्यांना जोडणारी मधली फासळी, एवढाच त्याचा आकार. आतल्या कोपऱ्यांत मेण भरून गोलाई आणलेली होती, कारण तीक्ष्ण कोपऱ्याशी ओतीव भागाला भेग पडू शकते. बोट फिरवले की त्या मेणाचा गुळगुळीतपणा लाकडापासून वेगळा जाणवत असे. फासळीवर शिशाची तीन उठावदार अक्षरे व एक आकडा खिळ्यांनी ठोकलेला होता. पॅटर्नवर जे उठून दिसते, ते ओतीव भागावरही तसेच उठून येते. त्यामुळे हाच क्रमांक असलेला बिडाचा भाग कुठे सापडला, तर दोघांची गाठ घालता येईल हे तिच्या लगेच लक्षात आले.

तो भाग खरोखर सापडला. करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर ऊस पिळण्याचा जुना चरक होता आणि त्याच्या एका बाजूच्या ब्रॅकेटवर तीच अक्षरे व तोच आकडा होता. ऑगस्ट असल्यामुळे गुऱ्हाळ बंद होते, चरकाला ग्रीस फासून वर पोती टाकलेली होती. गुऱ्हाळमालकांनी पोती काढून दिली आणि तिने अर्धा दिवस बसून मापे घेतली. दोन बॉसच्या मध्यांमधले अंतर नेमके बारा इंच, म्हणजे ३०५ मिलिमीटर भरले. मध्य ते मध्य हे अंतर घासाईने बदलत नाही, म्हणून तुलनेसाठी हेच माप सर्वांत भरवशाचे होते.

जादा चार मिलिमीटर

हिशेबाप्रमाणे पॅटर्नवर हे अंतर बारा इंच एक सूत, म्हणजे सुमारे ३०८ मिलिमीटर असायला हवे होते. ते ३१२ भरले. तिने तीनदा मोजले, दुसरी पट्टी आणून मोजले, तरी ३१२ च आले.

या टप्प्यावर मी तिला चुकीचा सल्ला दिला, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते. कोल्हापूरचा पावसाळा, पत्र्याचे गळके छप्पर आणि दमट पोटमाळा हे सगळे डोळ्यांसमोर असल्यामुळे लाकूड फुगले असणार, असे मी सांगून मोकळा झालो. मापातील फरक तळटीपेत ‘हवामानाचा परिणाम’ म्हणून नोंदवावा, असेही सुचवले. तिने ते मान्य केले नाही. लाकूड त्याच्या रेषांना (तंतूंना) आडव्या दिशेने फुगते, रेषेच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही, आणि या पॅटर्नची फासळी रेषेच्या दिशेनेच कापलेली आहे, हे तिने मला पॅटर्न हातात देऊन दाखवले. तीनशे मिलिमीटरला चार मिलिमीटर एवढी वाढ त्या दिशेने होणे शक्यच नव्हते. तिचे म्हणणे बरोबर होते. मी वस्तू न पाहता, वस्तूच्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढला होता.

मग दुसरी शक्यता पुढे आली, ती म्हणजे पॅटर्नमेकरची चूक. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘मापात त्रुटी असलेला, बहुधा शिकाऊ हाताचा पॅटर्न’ असे वाक्य होते. ते तसेच छापले गेले असते, तर एका निष्णात माणसाच्या कामाला आम्ही कायमचा डाग लावला असता.

ते टळले, कारण अभ्यासक्रमात मौखिक इतिहासाची दोन ध्वनिमुद्रणे अनिवार्य होती. त्याच फौंड्रीत १९७१ पासून काम केलेले एक निवृत्त पॅटर्नमेकर जवाहरनगरात राहतात. विद्यार्थिनी पॅटर्न कापडात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेली. मीही बरोबर होतो. तिने मापाचा प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी पॅटर्न मांडीवर घेतला, उलटा केला, अंगठ्याने बॉसची कड चाचपली आणि विचारले, “पोरी, ह्यो तू बिडाचा समजलीस व्हय? ह्याला सव्वादोन सूत हाय.”

मोजपट्टी न लावता ते हे म्हणाले. हा पॅटर्न वाळूत दाबून बीड ओतण्यासाठी केलेलाच नव्हता. यावरून आधी ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा होता आणि त्या ॲल्युमिनियमच्या पॅटर्नवरून मग बिडाचे ब्रॅकेट निघणार होते. ॲल्युमिनियम बिडापेक्षा थोडे जास्त आकसते, फुटाला सव्वा सूत. ते आणि बिडाचे एक सूत मिळून सव्वादोन सूत होतात. बारा इंचाला सव्वादोन सूत म्हणजे सात मिलिमीटरांहून किंचित जास्त. ३०५ चे ३१२ कसे झाले, याचा हिशेब तिथेच जुळला.

या उत्तराने वस्तूचा अर्थच बदलून गेला. लाकडी पॅटर्न वाळूत वारंवार दाबला की झिजतो, ओल धरतो आणि त्याच्या कडा तुटतात. नग थोडे असतील तर तेवढ्यावर भागते. धातूचा पॅटर्न करण्याचा खर्च कोणी सहज करत नाही. तो केला गेला याचा अर्थ हे ब्रॅकेट शेकड्यांनी काढायचे होते, त्याला गिऱ्हाईक होते आणि मालकाला पुढच्या काही वर्षांची खात्री होती. मिस्त्रींनी, म्हणजे त्या निवृत्त पॅटर्नमेकरनी, सांगितले की वाळूचे साचे करणारे मोल्डिंगचे यंत्र घेतल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्यांनीच हा पॅटर्न केला. यंत्रावर प्लेटला बसवायला धातूचाच पॅटर्न लागतो. गुऱ्हाळांच्या भागात चरकाची मागणी, एका छोट्या कारखान्याने घेतलेले यंत्र आणि एका सुताराने मनातल्या मनात केलेली दोन धातूंच्या आकसण्याची बेरीज, हा सारा इतिहास त्या जादा चार मिलिमीटरांत होता. फौंड्रीचे हिशेबाचे कागद कधीच रद्दीत गेले होते. त्यामुळे ही माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाली नसती.

‘कारागीर अज्ञात’

डिझाइनचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून फार जुना नाही. लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय यांचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे संग्रहालयशास्त्राची परंपरा त्याहून आधीची आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तो विभाग १९५२ पासून आहे, दिल्लीतील राष्ट्रीय संग्रहालयाशी जोडलेली संस्था १९८९ मध्ये उभी राहिली आणि मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयानेही अभिरक्षणाचे पदव्युत्तर शिक्षण दिले आहे. मात्र या शिक्षणात हाताशी येणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा शिल्पे, चित्रे, वस्त्रे, दागिने किंवा घरगुती कलाकुसरीच्या असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते आणि दिवे पाहताना रोजच्या वापरातील वस्तूंकडे कसे पाहावे, हे आपण शिकलो. कोल्हापुरात टाउन हॉलमधील संग्रहालय म्हटले की ब्रह्मपुरीच्या १९४५-४६ च्या उत्खननातील वस्तू आणि तिथली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन धाटणीची कांस्यमूर्ती आठवते. ती मूर्तीही ओतकामच आहे. पण ओतकाम म्हणून तिच्यासमोर उभे राहण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याची मनापासून स्तुती केली. हा अहवाल अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या १९६१ मधील स्थापनेचा पाया ठरला. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य हातांतून घडत गेलेली वस्तू, असा लोट्याकडे पाहण्याचा तो दृष्टिकोन आहे आणि लोट्याला तो शोभतोही. पण त्याचाच आधार घेऊन आपण कुठल्याही भारतीय वस्तूखाली ‘कारागीर अज्ञात’ असे लिहायला सोकावलो आहोत, असे माझे मत या प्रकरणाने पक्के झाले. सतराव्या क्रमांकाचा पॅटर्न असंख्य हातांनी घडवलेला नव्हता. एका माणसाने, एका आठवड्यात, एका नेमक्या गरजेसाठी तो केला होता आणि तो माणूस आमच्यापासून दीड मैलावर राहत होता.

विद्यार्थिनीची पहिली माहितीपट्टी अशी होती: ‘बेअरिंग ब्रॅकेटचा पॅटर्न. सागवान. अंदाजे १९६०. कारागीर अज्ञात.’ यातील १९६० हे साल तिने इंचातील मापांवरून काढले होते, कारण मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आहे. हे अनुमानही टिकले नाही. उद्यमनगरात सूत आजही बोलले जाते, त्यामुळे इंचाचे माप सापडले म्हणून वस्तू कायद्याआधीची किंवा कायद्याच्या आसपासची ठरत नाही.

पट्टीवर मिस्त्रींचे नाव घालण्याचा प्रस्ताव तिने त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. त्यांच्या मते नमुना आणला चरकवाल्याने, यंत्र घेतले मालकांनी आणि सव्वादोन सूत शिकवले त्यांच्या वस्तादांनी, मग नाव एकट्याचे कसे लावायचे? हा केवळ नम्रपणा आहे असे मला वाटले नाही. श्रेय कसे वाटले जाते, याची त्यांची स्वतःची व्यवस्था होती आणि ती आमच्या ‘डिझायनर’ या एकवचनी शब्दापेक्षा अधिक खरी होती. चर्चेअंती पट्टीवर चौघांचाही उल्लेख आला. नमुना कोणी आणला, निर्णय कोणाचा, शिकवण कोणाची आणि हात कोणाचा, हे चार वाक्यांत लिहिले गेले. पट्टी नेहमीपेक्षा लांब झाली आणि संस्थेतील एका परीक्षकांनी शब्दसंख्येवरून गुण कापले. मी त्या निर्णयाशी आजही सहमत नाही. इतर काही पट्ट्यांवर नाव मिळाले नाही. तिथे ‘अज्ञात’ असे न लिहिता ‘या फौंड्रीतील पॅटर्नमेकर, नाव मिळालेले नाही’ असे लिहिले. पहिल्या शब्दाने शोध संपल्यासारखा वाटतो. दुसऱ्या वाक्यात तो चालू राहतो.

मालकी

वस्तू फौंड्रीच्या पोटमाळ्यावर असली, तरी ती फौंड्रीचीच असेल असे नाही. ओतकामाच्या व्यवसायात पॅटर्नचे पैसे सहसा गिऱ्हाईक देते आणि पॅटर्न पुढच्या ऑर्डरसाठी फौंड्रीत ठेवला जातो. वर्षे जातात, गिऱ्हाइकाचा कारखाना बंद पडतो आणि पॅटर्न तिथेच राहतो. फौंड्रीमालकांनी “घेऊन जा, आमची काही हरकत नाही” असे मोकळ्या मनाने सांगितले होते. परंतु त्यांच्या होकाराने मालकी हस्तांतरित होत नव्हती. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची नीतिसंहिता १९८६ मध्ये स्वीकारली गेली आणि २००४ मध्ये सुधारली गेली. वैध मालकीची खात्री झाल्याशिवाय संग्रहालयाने वस्तू स्वीकारू नये, असे ती स्पष्ट सांगते. दुसरीकडे या वस्तूंना कायद्याचे संरक्षणही नाही, कारण १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली वस्तू साधारणतः शंभर वर्षांची असावी लागते. म्हणजे ती जाळायला कोणाची परवानगी लागत नव्हती, पण जपायला लागत होती.

विद्यार्थिनीने सव्वीसपैकी अकरा वस्तूंच्या मूळ गिऱ्हाइकांचे वारस शोधले. सतराव्या क्रमांकाचे वारस सांगलीकडे मिळाले. त्यांना असा पॅटर्न आहे हेच माहीत नव्हते. त्यांनी तो कायमचा देण्याऐवजी पाच वर्षांच्या ठेवीवर द्यायचे कबूल केले आणि तसे पत्र लिहून दिले. उरलेल्या पंधरा वस्तू नोंदवहीत ‘मालकी अनिश्चित, ताब्यात संरक्षणासाठी’ अशा शेऱ्यासह स्वतंत्र पानावर आहेत. कोणी हक्क सांगितला तर त्या परत जातील.

जतनाबाबत फार खटाटोप करावा लागला नाही. प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, खाली काळा कागद अंथरून दोन महिने वेगळी ठेवली. लाकूडकिडा जिवंत असेल तर त्याचा ताजा भुसा काळ्या कागदावर लगेच दिसतो. तीन वस्तूंखाली तो दिसला आणि त्या उणे वीस अंशांच्या शीतपेटीत आठवडाभर ठेवून मग बाहेर काढल्या. एका हितचिंतकांनी सगळ्यांना नवे व्हार्निश देण्याची तयारी दाखवली होती. त्यांना नम्रपणे थांबवावे लागले. फासळीवरची काळी भुकटी, कोपऱ्यातील वाळूचे कण आणि मोल्डरच्या हातांनी चकाकलेली कड ही घाण नसून पुरावा आहे, हे समजावून सांगायला थोडा वेळ लागला, इतकेच.

प्रदर्शन नऊ दिवस त्याच फौंड्रीच्या मोकळ्या शेडमध्ये भरले. शहरातील दालनात भरवावे असा संस्थेचा आग्रह होता, पण पॅटर्न पाहायला उद्यमनगरातील माणसे कामाच्या कपड्यांत, जेवणाच्या सुट्टीत येऊ शकली पाहिजेत, हे तिचे म्हणणे मला पटले. सतराव्या क्रमांकाशेजारी गुऱ्हाळावरच्या ब्रॅकेटचे प्रत्यक्ष मापाचे छायाचित्र आणि दोन मोजपट्ट्या ठेवल्या होत्या. पाहणाऱ्याने स्वतः मोजावे आणि फरक स्वतः शोधावा, अशी मांडणी होती. बरेच जण मोजत, थबकत आणि मगच पट्टी वाचत. पॅटर्न हाताळू द्यायचा की नाही, यावर आमचा वाद झाला. शेवटी मूळ पॅटर्न काचेत राहिला आणि हाताळण्यासाठी मिस्त्रींच्या नातवाने पाइन लाकडात केलेली नवी प्रत बाहेर ठेवली. ती प्रत त्याने संगणकावर मापे टाकून यंत्रावर कापून आणली होती आणि सव्वादोन सुतांचा हिशेब मात्र आजोबांकडून तपासून घेतला होता.

लाकडी पॅटर्न आणि बिडाचे ब्रॅकेट यांच्या मधला ॲल्युमिनियमचा पॅटर्न अजून मिळालेला नाही. तो बहुधा भंगारात वितळला असावा, कारण ॲल्युमिनियमला भाव येतो आणि जुन्या सागवानी तुकड्यांना त्या मानाने येत नाही. नोंदवहीत सतरा-अ हा पॅटर्न आहे, सतरा-क हे गुऱ्हाळावरच्या ब्रॅकेटचे छायाचित्र आहे आणि सतरा-ब हा रकाना विद्यार्थिनीने रिकामा सोडला आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या जुन्या फौंड्र्यांत ती दर सुट्टीत जाऊन त्या अक्षरांची चौकशी करते.